व्हर्च्युअल सर्व्हरची उभारणी आणि अपग्रेड: परतीची वाट शाबूत ठेवून

स्टोरेजच्या फर्मवेअरचं अपग्रेड रात्री साडेबाराला सुरळीत संपलं. सगळ्या व्हीएम, म्हणजे एका खऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभे केलेले व्हर्च्युअल सर्व्हर, आधीच रीतसर बंद केल्या होत्या. स्टोरेज वर आलं, दिवे हिरवे झाले, मग तिन्ही होस्ट (या व्हीएम चालवणारी प्रत्यक्ष यंत्रं) चालू केले आणि एकाही होस्टला डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या डिस्क ठेवायची सामायिक जागा, दिसेना. तासाभराने कारण हाती लागलं. एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरून मिळणारा, डेटास्टोअर नावाने जोडलेला होता, त्या नावाचा आयपी सांगणारा डीएनएस सर्व्हर स्वतः एक व्हीएम होता आणि ती व्हीएम त्याच डेटास्टोअरवर होती. होस्टवर हाताने नोंद टाकायची तर रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड हवा, आणि तो ज्या पासवर्ड मॅनेजरमध्ये होता तीसुद्धा व्हीएमच. कपाटातल्या बंद पाकिटात एक प्रत होती, म्हणून पहाटे तीनला काम उरकलं.

त्या रात्री एकही यंत्र बिघडलं नव्हतं. आमच्या कागदावर पुढे जायच्या सगळ्या पायऱ्या होत्या, मागे यायच्या नव्हत्या. तेव्हापासून मी अपग्रेडचा आराखडा करताना प्रत्येक पायरीसमोर एक रकाना ठेवतो: इथून परत कसं यायचं? ज्या पायरीसमोर तो रिकामा राहतो, ती पायरी त्या रात्री करायची नाही. पुढचं सगळं या रकान्याला धरून लिहिलं आहे. दोन-तीन होस्टपासून दहा-बारा होस्टपर्यंतचा क्लस्टर (एकत्र चालणाऱ्या होस्टचा गट) सांभाळणाऱ्यांना ते उपयोगी पडेल, मग खाली हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय असो, मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही असो की केव्हीएमवर चालणारं प्रॉक्समॉक्स.

पहिली पायरी: कोण कोणावर उभं आहे

व्हीएमची यादी प्रत्येकाकडे असते. कोअर किती, रॅम किती, डिस्क किती हे कन्सोलमधून दोन मिनिटांत निघतं. अपग्रेडच्या रात्री मात्र वेगळीच माहिती लागते आणि ती कुठल्याही कन्सोलमध्ये नसते: ही व्हीएम कशासाठी आहे, बंद करायची तर कोणाला विचारायचं, आणि ती उठायला आधी काय उठलेलं असावं लागतं.

शेवटचा प्रश्न कागदावर बाण काढून सोडवा. अॅप्लिकेशनकडून डेटाबेसकडे, डेटाबेसकडून डोमेन कंट्रोलरकडे (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरकडे), तिथून डीएनएसकडे, वेळेच्या सर्व्हरकडे, स्टोरेजकडे. बाण फिरून जिथे सुरुवातीच्या चौकोनावर येतो तिथे तुमचा धोका आहे. वरच्या गोष्टीत तो डीएनएसवर आला होता. व्ही-सेंटर (ईएसएक्सआय होस्ट सांभाळणारा कन्सोल) त्याच क्लस्टरवर चालतं, बॅकअप सर्व्हर त्याच स्टोरेजवर असतो, दरवाजातून लॉगिन करायला लागणारा डोमेन कंट्रोलर दरवाजाच्या आत बसलेला असतो. ही वर्तुळं पूर्ण मोडता येतातच असं नाही, पण प्रत्येकावर एक साधा उतारा असतो. स्टोरेज आयपीने जोडा किंवा प्रत्येक होस्टच्या होस्ट्स फाइलमध्ये नोंद ठेवा. एक डोमेन कंट्रोलर होस्टच्या स्थानिक डिस्कवर किंवा वेगळ्या यंत्रावर ठेवा. होस्टचं स्थानिक खातं आणि आयलो किंवा आयड्रॅकसारख्या दूरस्थ कन्सोलचा पासवर्ड कागदावर लिहून बंद करून ठेवा, आणि अपग्रेडच्या आदल्या दिवशी त्या कागदावरूनच लॉगिन करून पाहा. पासवर्ड लिहिलेला असणं वेगळं आणि तो चालणं वेगळं.

याच यादीत आणखी काही नोंदी हव्यात, कारण त्या व्हीएम हलवताना आडव्या येतात: बूट बायॉसने (यंत्र उठवायची जुनी पद्धत) होतं की यूईएफआयने (नवी पद्धत), एखादं लायसन्स नेटवर्क कार्डाच्या मॅक अॅड्रेसला बांधलेलं आहे का, यूएसबी डोंगल (लायसन्सची चावी) किंवा थेट दिलेलं पीसीआय कार्ड आहे का, आयपी कोणत्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या कोणत्या वेगळ्या भागात, आहे. डोंगलवाली व्हीएम चालू असताना हलणारच नाही असं धरून चला.

दुसरी पायरी: मापं

नवीन उभारणी असो किंवा जुन्या होस्टच्या जागी नवे आणायचे असोत, आधी किमान महिनाभराची मोजणी घ्या, आणि त्या महिन्यात महिनाअखेर आली पाहिजे. आठवड्याची सरासरी घेऊन घेतलेला होस्ट हिशेबाच्या शेवटच्या दोन दिवसांत गुदमरतो.

रॅमचं गणित सर्वांत कडक असतं, म्हणून तिथून सुरुवात करा. समजा ५१२ जीबीचे तीन होस्ट आहेत. एकूण १,५३६ जीबी दिसतात. एक होस्ट पडला तरी सगळं चालायला हवं असेल तर हिशेबात धरायचे १,०२४. त्यातून हायपरवायझर आणि प्रत्येक व्हीएममागचा वरखर्च, शिवाय थोडी मोकळीक म्हणून दहा-बारा टक्के काढले की हातात सुमारे ९०० जीबी राहतात. इथपर्यंत बहुतेकजण येतात. आता अपग्रेडचा विचार करा. एक होस्ट तुम्ही स्वतःच मेंटेनन्समध्ये टाकणार आहात, म्हणजे राखीव जागा तुम्हीच वापरली. त्या दोन तासांत दुसरा होस्ट पडला तर उरतात फक्त ५१२. त्या ५१२ मध्ये कोणत्या व्हीएम उठवायच्या आणि कोणत्या सकाळपर्यंत बंद ठेवायच्या याची यादी आधी करून तिच्यावर मालकांची संमती घेऊन ठेवा. रात्री दोनला ही चर्चा होत नाही.

सीपीयूच्या बाबतीत एका प्रत्यक्ष कोअरमागे किती व्हर्च्युअल कोअर द्यायचे याचं सर्वांना लागू पडणारं प्रमाण नाही. हलक्या कामांना चारास एक आरामात चालतं, जड डेटाबेसला एकास एकच बरं. इथे आकड्यापेक्षा सवय महत्त्वाची: व्हीएमला कोअर मागितले म्हणून देऊ नका. दोन कोअरवर भागणाऱ्या व्हीएमला आठ दिले की शेड्युलरला (कोअर वाटून देणाऱ्या भागाला) त्या सगळ्यांना एकदम जागा शोधावी लागते आणि त्या व्हीएमसकट शेजारच्याही मंदावतात. फार मोठी व्हीएम असेल तर ती एका न्यूमा नोडच्या (एक प्रोसेसर आणि त्याच्या जवळची रॅम) कोअरमध्ये आणि रॅममध्ये मावते का तेही पाहा. मावली नाही तर निम्मी मेमरी दुसऱ्या प्रोसेसरच्या बाजूची, म्हणजे लांबची पडते.

स्टोरेजमध्ये जागा सगळे मोजतात, वेग मोजायचा राहून जातो. एक हिशेब करून दाखवतो. फिरत्या डिस्कपैकी १० हजार आरपीएमची एक डिस्क साधारण १४० आयऑप्स (सेकंदाला वाचन-लेखनाच्या क्रिया) देते असं धरू. आठ डिस्कचे झाले १,१२०. आता काम ६० टक्के वाचनाचं आणि ४० टक्के लिहिण्याचं आहे. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत. रेड ५ मध्ये एका छोट्या लिखाणामागे डिस्कवर चार क्रिया होतात, रेड ६ मध्ये सहा, रेड १० मध्ये दोन. म्हणजे रेड १० मध्ये हाती येतात ८००, रेड ५ मध्ये सुमारे ५१०, रेड ६ मध्ये ३७० च्या आसपास. डिस्क त्याच, कागदावरची जागा रेड ५ मध्ये जास्त, आणि वेगात इतका फरक. कॅशमुळे आणि एसएसडीमुळे आकडे पुष्कळ बदलतात, पण लिखाण महाग पडतं हा क्रम तोच राहतो.

लायसन्सही मापात धरा. विंडोज सर्व्हरचं लायसन्स प्रत्यक्ष कोअरवर मोजलं जातं, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ आणि सर्व्हरमागे किमान १६. स्टँडर्ड आवृत्तीत सगळे कोअर झाकल्यावर दोन विंडोज व्हीएमचा हक्क मिळतो, डेटासेंटरमध्ये हवे तितके. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यापासून व्ही-स्फिअर (ईएसएक्सआय आणि व्ही-सेंटरचा संच) वर्गणीवर आलं आहे आणि तिथे प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर मोजतात. त्यामुळे कमी कोअरचा पण जास्त वेगाचा प्रोसेसर घ्यायचा की उलट, हा प्रश्न खरेदीच्या आधी सोडवायचा असतो.

तिसरी पायरी: साखळी जुळते का

अपग्रेड म्हणजे फक्त हायपरवायझरची आवृत्ती नव्हे. सर्व्हरचं मॉडेल, प्रोसेसरची पिढी, बायॉस, नेटवर्क कार्ड आणि स्टोरेज कार्डाचं फर्मवेअर, त्यांचे ड्रायव्हर, हायपरवायझर, त्यावरचा व्यवस्थापन कन्सोल, बॅकअप सॉफ्टवेअर, स्टोरेजचे प्लगइन: ही एक साखळी आहे आणि एक कडी निसटली की सगळंच अडतं. उत्पादकाच्या सुसंगतता यादीत प्रत्येक कडी स्वतः शोधा. कार्ड शोधताना नावावर जाऊ नका, त्याचा व्हेंडर आयडी आणि डिव्हाइस आयडी जुळवा. एकाच नावाने विकलेली दोन कार्डं आतून वेगळी असतात.

ईएसएक्सआय ७.० मध्ये लिनक्सवरून आलेले जुने ड्रायव्हर पूर्णपणे काढून टाकले गेले. ६.७ वर वर्षानुवर्षं नीट चाललेलं नेटवर्क कार्ड त्या अपग्रेडनंतर दिसेनासं व्हायचं ते यामुळेच. त्याच आवृत्तीत बूट डिस्कची विभागणीही बदलली, आणि तिच्यावर लिखाण वाढल्यामुळे एसडी कार्ड व यूएसबी स्टिकवरून चालणारे होस्ट कार्ड झिजून बसायला लागले. तुमचे होस्ट अजून एसडी कार्डवरून उठत असतील तर अपग्रेडच्या आधी ३२ जीबी किंवा त्याहून मोठी नीट डिस्क बसवा. हे काम पुढे ढकललेलं मी पाहिलं आहे आणि ते नेहमी भर दिवसा अंगावर आलं.

तारखाही समोर असू द्या. व्ही-स्फिअर ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ८ चा ११ ऑक्टोबर २०२७ ला संपतो. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा वाढीव सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला, २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला संपतो. बॅकअप सॉफ्टवेअर मात्र या तारखांशी जुळवून चालत नाही. नव्या हायपरवायझरला ते महिना-दोन महिने उशिरा पाठिंबा देतं, आणि तेवढा काळ बॅकअपशिवाय राहायचं नसेल तर आधी बॅकअपची नवी आवृत्ती, मग बाकी सगळं.

चौथी पायरी: जिथून मागे येता येत नाही

माझ्या मते सगळ्या आराखड्यात हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. पुष्कळ पायऱ्या उलटवता येतात. काही येत नाहीत, आणि त्या पडद्यावर एका निरुपद्रवी बटणासारख्या दिसतात.

व्हीएमच्या व्हर्च्युअल हार्डवेअरची आवृत्ती वाढवली की ती व्हीएम जुन्या होस्टवर चालत नाही आणि आवृत्ती उतरवायचं बटण नसतं. हायपर-व्हीमध्ये व्हीएमच्या कॉन्फिगरेशन आवृत्तीचं तसंच आहे. तिथे होस्ट एकेक करून नव्या विंडोजवर नेता येतात, मधल्या काळात क्लस्टर मिश्र अवस्थेत चालतो आणि जुना होस्ट परतही घेता येतो. पण क्लस्टरची फंक्शनल पातळी एकदा वाढवली की ते दार बंद. मिश्र अवस्था फार लांबवू नका, चार आठवड्यांच्या आत उरका, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. ईएसएक्सआयची फाइल सिस्टिम व्हीएमएफएस हिच्या ५ वरून ६ वर जागच्या जागी जाता येत नाही, नवा डेटास्टोअर करून व्हीएम तिकडे हलवाव्या लागतात. झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या पूलवर (डिस्कच्या गटावर) नवी वैशिष्ट्यं सुरू केली की जुनी आवृत्ती तो पूल उघडेलच याची खात्री नाही, आणि तो बूटचा पूल असून ग्रब या बूट लोडरने उठत असेल तर यंत्रच न उठण्याची भीती असते.

ईएसएक्सआय होस्टवर मागची प्रतिमा दुसऱ्या बूट बँकेत राहते आणि बूट होताना शिफ्ट आणि आर दाबून तिच्यावर जाता येतं. ही सोय पॅचच्या वेळी हमखास वाचवते. पण ६.७ वरून ७ किंवा ८ वर गेलात तर विभागणीच बदललेली असल्यामुळे तिथे ही वाट उरत नाही. मागे यायचं तर जुनी आवृत्ती नव्याने टाकून आधी घेतलेलं कॉन्फिगरेशन परत भरायचं. म्हणून होस्टचं कॉन्फिगरेशन बॅकअप अपग्रेडच्या आधी घ्या आणि ते त्या होस्टच्या बाहेर ठेवा.

या न उलटणाऱ्या पायऱ्या एकत्र काढून वेगळ्या दिवशी ठेवा. मी त्या मुख्य अपग्रेडनंतर किमान दोन आठवड्यांनी करतो. हार्डवेअर आवृत्ती जुनीच राहिल्याने त्या दोन आठवड्यांत कोणाचं काही अडत नाही.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष अपग्रेड

क्रम साधारण असा असतो: बॅकअप सॉफ्टवेअर, मग व्यवस्थापन कन्सोल, मग होस्ट, मग व्हीएममधली टूल्स (आत बसवायचे ड्रायव्हर आणि मदतीचं सॉफ्टवेअर), आणि शेवटी उशिराने हार्डवेअर आवृत्ती. कन्सोल आधी, कारण नवा कन्सोल जुन्या होस्टना सांभाळू शकतो, जुना कन्सोल नव्या होस्टना नाही. टूल्स हार्डवेअर आवृत्तीच्या आधी, कारण नव्या हार्डवेअरचे ड्रायव्हर त्यातून येतात.

व्ही-सेंटरची मोठी आवृत्ती बदलताना नवी व्हीएम उभी राहते, तिला तात्पुरता आयपी मिळतो, माहिती नकलून झाली की जुनी बंद होते आणि नवी तिचं नाव-आयपी घेते. परतीच्या दृष्टीने ही फार चांगली रचना आहे. बिनसलं तर नवी बंद करून जुनी चालू करायची. म्हणून जुनी व्हीएम लगेच पुसू नका. हे अपग्रेड अडतं ते बहुधा तीन कारणांनी: डीएनएसमध्ये नावावरून आयपी किंवा आयपीवरून नाव नीट मिळत नाही, एखादं प्रमाणपत्र मुदत संपलेलं असतं, किंवा जुन्या व्हीएममध्ये डिस्क भरलेली असते. तिन्ही गोष्टी आठवडाभर आधी तपासता येतात.

मग होस्ट. एका वेळी एकच, आणि पहिला होस्ट कमीत कमी महत्त्वाच्या व्हीएम असलेला.

१. दूरस्थ कन्सोलवरून लॉगिन करून स्क्रीन दिसते का पाहा. नेटवर्क गेलं तर तोच एक डोळा उरतो.
२. प्रत्येक नेटवर्क कार्डाचं नाव, मॅक अॅड्रेस आणि ते स्विचच्या कोणत्या पोर्टला जातं हे लिहून काढा. प्रॉक्समॉक्ससारख्या लिनक्सवर नवा कर्नल आला की कार्डांची नावं बदलू शकतात, मग ब्रिज (कार्डाला व्हीएमशी जोडणारा दुवा) हवेत लोंबकळतो आणि होस्ट नेटवर्कवर येत नाही.
३. होस्ट रिकामा करा. एखादी व्हीएम हलत नसेल तर जबरदस्ती करू नका, कारण शोधा. बहुधा जोडलेली आयएसओ फाइल किंवा स्थानिक डिस्क असते.
४. काही बदलायच्या आधी होस्ट एकदा नुसता रीबूट करा. वर्षभर न थांबलेल्या यंत्राची मरणासन्न रॅम किंवा डिस्क तेव्हाच समोर येते आणि दोष अपग्रेडवर जात नाही.
५. फर्मवेअर टाका, रीबूट करून पाहा, आणि मगच हायपरवायझर. दोन्ही एकदम बदललं तर बिघाड कशाने झाला ते कळायला मार्ग राहत नाही.
६. होस्ट परत आल्यावर स्टोरेजच्या सगळ्या वाटा, सगळी कार्डं आणि वेळ तपासा.
७. एक चाचणीची व्हीएम त्यावर आणा आणि प्रत्येक व्हीलॅनमध्ये फिरवून पिंग करा.

सातव्या मुद्द्यासाठी मी कायमची एक छोटी लिनक्स व्हीएम ठेवली आहे, ५१२ एमबी रॅमची. तिचं काम एवढंच: प्रत्येक होस्टवर, प्रत्येक व्हीलॅनमध्ये जाऊन गेटवेला हाक मारायची. स्विचच्या एका पोर्टवर एक व्हीलॅन द्यायचा राहिला आहे ही चूक महिनोन्‌महिने लपून बसते आणि मध्यरात्री आपोआप हललेली डेटाबेसची व्हीएम ती उघडी पाडते. ही छोटी व्हीएम ती दिवसाउजेडी शोधून देते.

पहिला होस्ट झाल्यावर दोन-तीन दिवस थांबा. प्रॉक्समॉक्समध्ये जुन्या आवृत्तीच्या होस्टवरून नव्यावर चालू व्हीएम जाते, उलट दिशेची हमी नसते, तेव्हा त्या दिवसांत नव्या होस्टवर परत न आणता येणारं काही ठेवू नका. अपग्रेडपूर्वी प्रॉक्समॉक्सचीच तपासणी स्क्रिप्ट चालवा आणि एकही इशारा दुर्लक्षू नका. दोनच नोडचा क्लस्टर असेल तर एक नोड (होस्ट) बंद होताच कोरम, म्हणजे मतांचं बहुमत, जातो, कॉन्फिगरेशन फक्त वाचण्यापुरतं उरतं आणि नवी व्हीएम सुरू होत नाही. तिसरं मत देणारं छोटं यंत्र आधी जोडून ठेवा.

हायपरवायझरच बदलून केव्हीएमवर जाणाऱ्यांसाठी एक खास सूचना. विंडोजची व्हीएम हलवून डिस्क सरळ व्हर्टआयओवर (केव्हीएमच्या व्हर्च्युअल डिस्क-जोडणीवर) लावली की निळा पडदा येतो, बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून. विंडोजकडे तो ड्रायव्हर नसतो. उपाय सोपा आहे: बूट डिस्क आधी साटा किंवा आयडीईवर लावा, सोबत एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, विंडोज उठल्यावर ड्रायव्हर टाका, ती छोटी डिस्क दिसू लागली की बंद करून बूट डिस्क व्हर्टआयओवर न्या. नेटवर्क कार्ड बदलल्याने जुना स्थिर आयपी अदृश्य कार्डाला चिकटून राहतो, तो डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून काढा. हलवण्याआधी जुनी टूल्स काढून टाका, कारण नव्या घरात ती नीट निघत नाहीत.

अडकलं तर

पहिला प्रश्न नेहमी एकच: एका व्हीएमला त्रास आहे, एका होस्टवरच्या सगळ्यांना, की एका डेटास्टोअरवरच्या सगळ्यांना? या एका उत्तराने निम्मं शोधकाम संपतं. दुसरा प्रश्न: शेवटचं काय बदललं? आणि उत्तर मिळेपर्यंत रीस्टार्ट करू नका. लॉग आणि पुरावा त्याच्यासोबत जातो.

*व्हीएम मंद आहे.* आतला टास्क मॅनेजर सीपीयू तीस टक्के दाखवतो आणि वापरणारे ओरडत असतात. होस्टच्या बाजूने रेडी टाइम पाहा, म्हणजे व्हीएम चालायला तयार होती पण कोअर मिळाला नाही असा वेळ. व्ही-स्फिअरच्या तात्काळ आलेखात हा आकडा २० सेकंदांच्या तुकड्यासाठी मिलिसेकंदांत येतो. एका व्हर्च्युअल कोअरचा आकडा २,००० असेल तर २०,००० पैकी २,०००, म्हणजे १० टक्के वेळ ताटकळत गेला. पूर्ण व्हीएमचा आकडा पाहत असाल तर कोअरच्या संख्येने भागा. प्रत्येक कोअरमागे पाच टक्क्यांपर्यंत चालतं, दहाला कारवाई हवी. केव्हीएमवर लिनक्स व्हीएमच्या आत टॉप चालवून स्टील टाइमचा रकाना पाहिला की तेच कळतं. उपाय बहुधा उलटा वाटतो: कोअर कमी करा. सीपीयू ठीक असेल तर बलूनिंग (होस्टने व्हीएमकडून रॅम परत घेणं) आणि होस्टवरचं स्वॅपिंग पाहा, मग डिस्कचा प्रतिसाद. तो सातत्याने २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर वाट तिकडेच जाते. नव्या होस्टवर सगळंच थोडं मंद वाटत असेल तर बायॉसमधली वीजबचतीची सेटिंग तपासा.

*डेटास्टोअर भरला, व्हीएम थांबल्या.* नव्वद टक्के वेळा विसरलेला स्नॅपशॉट निघतो. एकदा असा एक पाहिला: ३०० जीबीची मूळ डिस्क, तिच्याशेजारी नावाच्या शेवटी ०००००१ असलेली डेल्टा फाइल २६० जीबीची, तारीख आठ महिन्यांपूर्वीची, नाव "पॅचच्या आधी". स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणानंतरची सगळी लिखाणं वेगळ्या फाइलमध्ये, त्यामुळे तो बॅकअप नव्हे. मूळ डिस्क गेली तर तोही गेला. व्हीएमवेअर एक स्नॅपशॉट ७२ तासांहून जास्त ठेवू नका असं सांगतं आणि ते खरं आहे. अशा वेळी डेल्टा फाइल हाताने पुसण्याचा मोह आवरा, आठ महिन्यांचं काम त्यातच आहे. आधी जागा करा: एखादी बंद व्हीएम दुसरीकडे हलवा किंवा डेटास्टोअर वाढवा. मग स्नॅपशॉट रीतसर डिलीट करा. विलीन व्हायला तास लागतात, टक्केवारी अडकल्यासारखी दिसते, शेवटी व्हीएम काही क्षण गोठते. मध्येच रद्द करू नका. हायपर-व्हीत ह्याच फाइलींचं शेपूट एव्हीएचडीएक्स असतं आणि नियम तोच. डोमेन कंट्रोलरचा जुना स्नॅपशॉट परत लावणं तर टाळाच. विंडोज सर्व्हर २०१२ पासून व्हीएम-जनरेशन आयडीमुळे थोडं संरक्षण आहे, त्याआधीच्या आवृत्त्यांत डोमेनच्या नोंदी एकमेकींपासून कायमच्या फुटतात.

*चालू व्हीएम हलत नाही.* प्रोसेसरची पिढी वेगळी असेल तर नव्यावरून जुन्यावर जाता येत नाही. व्ही-स्फिअरमध्ये ईव्हीसी (सगळ्या होस्टचे प्रोसेसर एका समान पातळीवर धरणारी सेटिंग), प्रॉक्समॉक्समध्ये सीपीयूचा प्रकार सर्वांत जुन्या होस्टला जुळेल असा ठेवा. चालू व्हीएमवर हे बदलत नाही, ती पूर्ण बंद करून चालू करावी लागते, आतून केलेला रीस्टार्ट पुरत नाही. इंटेल आणि एएमडी यांच्यात चालू स्थितीत जाणं सोडून द्या.

*स्टोरेज जोडलं जातं, फोल्डर दिसतात, पण मोठी फाइल लिहिली की सगळं गोठतं.* हे लक्षण ऐकलं की मी थेट एमटीयूकडे, म्हणजे नेटवर्कवरच्या एका पाकिटाच्या कमाल मापाकडे, जातो. जंबो फ्रेमसाठी (मोठ्या पाकिटांसाठी) होस्ट, स्विच आणि स्टोरेज तिन्हीकडे ९,००० हवं, आणि वाटेतला एक स्विच १,५०० वर राहिलेला असतो. छोटी पाकिटं जातात, मोठी गळतात. तपासायचं तर तुकडे करू नको असं सांगून ८,९७२ बाइटचा पिंग स्टोरेजला मारा. ९,००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा केले की हा आकडा येतो. नुसता पिंग चालला म्हणून समाधान मानू नका, तो लहान असतो.

*लॉगिन होत नाही, प्रमाणपत्रं नाकारली जातात.* वेळ पाहा. केरबेरॉस (डोमेनची लॉगिन पद्धत) मुळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक सहन करत नाही. होस्टना बाहेरचा एनटीपी (वेळ सांगणारा सर्व्हर) द्या, डोमेन कंट्रोलरला होस्टकडून वेळ घेणं बंद करा, नाहीतर होस्ट डोमेनकडे आणि डोमेन होस्टकडे पाहत दोघं मिळून भरकटतात.

*व्हीएम उठत नाही, फाइल लॉक आहे.* बहुधा दुसऱ्या होस्टने ती धरून ठेवलेली असते किंवा बॅकअप सॉफ्टवेअर डिस्क सोडायला विसरलेलं असतं. व्हीएमएफएसवर लॉकच्या माहितीत धरणाऱ्या होस्टचा मॅक अॅड्रेस मिळतो. त्या होस्टवर व्हीएम खरंच चालू नाही याची खात्री करूनच त्याची व्यवस्थापन सेवा पुन्हा सुरू करा. एकच डिस्क दोन ठिकाणी उघडली गेली तर फाइल सिस्टिम उद्ध्वस्त होते.

दुसऱ्या दिवसाची कामं

अपग्रेडसाठी घेतलेले सगळे स्नॅपशॉट ४८ तासांत काढा आणि त्याची आठवण ज्याने अपग्रेड केलं त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या तरी कॅलेंडरमध्ये टाका. नव्या आवृत्तीवर घेतलेल्या पहिल्या बॅकअपमधून एक पूर्ण व्हीएम परत उभी करा, नेटवर्क तोडून, आणि आत लॉगिन करून डेटाबेस उघडतो का पाहा. बॅकअपचा जॉब हिरवा दिसतो तेव्हा फाइल लिहिली गेली एवढंच कळतं. परतीच्या रकान्यात जे जे लिहिलं होतं आणि रात्री तसं घडलं नाही, ते त्याच कागदावर लाल पेनाने दुरुस्त करा, आठवण ताजी असतानाच. दोन आठवड्यांनी न उलटणाऱ्या पायऱ्यांची तारीख येईल, तेव्हा जुना व्ही-सेंटर किंवा जुना नोड पुसायच्या आधी हाच कागद पुन्हा काढायचा आहे.